चादरघाट : एका विलीन झालेल्या बलदियेची आठवण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते भूगोलाचा तास शाळेच्या फाटकापासून सुरू करीत. ‘हा रस्ता पूर्वी कोठे जात होता?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे. मी आयुष्यभर मराठी शिकविले. इतिहास हा माझा प्रांत नव्हे. तरीही त्या प्रश्नाचे ऋण अंशतः फेडावे, म्हणून आजचा विषय घेतला आहे.

माझे आजोबा मराठवाड्यातून नोकरीनिमित्त येथे आले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत गावाकडून आलेली पोस्टकार्डे होती. त्यांवर पत्ता असे : नल्लकुंटा, चादरघाट, हैदराबाद दक्षिण. लहानपणी मला हे कोडे वाटे. चादरघाट म्हणजे मुसी नदीवरचा पूल. तो आमच्या घरापासून चांगला दीड-दोन मैल दूर. वडिलांना विचारले तर म्हणाले, ‘पोस्टाची पद्धत असते तशी.’ हे उत्तर चुकीचे होते, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

पहिल्या सालारजंगांच्या कारकिर्दीत, 1869 साली, हैदराबादेत नगरव्यवस्था सुरू झाली. तेव्हा शहराचे चार विभाग पाडले आणि चादरघाट उपनगराचे पाच. दोहोंची देखरेख कोतवालाकडे होती. पुढे 1886 मध्ये चादरघाट स्वतंत्र अधिकाऱ्याकडे सोपविले गेले आणि त्याची निराळी बलदिया, म्हणजे नगरपालिका झाली. मुसीच्या दक्षिणेला तटबंदीचे जुने शहर. उत्तरेला रेसिडेन्सी, बंगले, बागा आणि त्यांच्या पलीकडे तळी व खेडी. या उत्तरेच्या पसाऱ्याला चादरघाट म्हणत. त्यातच रेसिडेन्सीचा बाजार, म्हणजे आपला सुलतान बाजार, इंग्रज रेसिडेंटच्या अमलाखाली. तो 1933 मध्ये निजामाकडे परत आला. तोवर सुलतान बाजारात भाजी घेऊन काचीगुड्याकडे पायी निघालेला गृहस्थ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाई, आणि पिशवीतली मेथी दोन्हीकडे सारखीच हिरवी असे!

नल्लकुंटा या काठावरचे. नल्ल म्हणजे काळे, कुंटा म्हणजे लहान तळे, हे तेलुगू शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर वाढलेल्यांना सांगायला नको. येथल्या फीवर हॉस्पिटलला जुनी माणसे ‘कोरंटी दवाखाना’ म्हणत आली. ‘क्वारंटाइन’चे ते लोकांच्या जिभेने घडविलेले रूप. साथीच्या रोग्यांना वस्तीपासून दूर ठेवावे लागते. ती जागा येथे निवडली गेली, यावरूनच नल्लकुंटा तेव्हा किती कडेला होते हे ध्यानी येते. एखाद्या गावाची जुनी वेस शोधायची तर शिलालेखापेक्षा असे शब्द अधिक उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीला महापूर आला. हजारो माणसे वाहून गेली. त्या पाण्याने अलीकडची बलदिया कोणती आणि पलीकडची कोणती हे पाहिले नाही. विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले. उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. 1912 मध्ये नगरसुधारणेसाठी ‘आराइश-ए-बलदा’ हे मंडळ निघाले आणि नदीच्या दोन्ही काठांचा विचार एकत्र होऊ लागला. माझ्या मते विलीनीकरणाचे बीज या महापुरात आहे. 1933 चा कायदा हे त्याचे फळ. त्या वर्षी चादरघाटची बलदिया शहराच्या बलदियेत मिळून हैदराबादची महानगरपालिका झाली. 1934 मध्ये निवडणूकही झाली. 1942 मध्ये तो दर्जा पुन्हा काढून घेतला गेला, ही गोष्ट वेगळी.

चादरघाटवर अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. तेथे काही लोकांनी निवडलेले राज्य नव्हते. वरून नेमलेला अधिकारी गेला, इतकेच. मला खटकते ते दुसरेच. 1960 मध्ये सिकंदराबादही हैदराबादेत विलीन झाले. पण सिकंदराबादचा माणूस आजही आपले गाव सिकंदराबाद सांगतो. 2007 साली बारा नगरपालिका आणि आठ ग्रामपंचायती एका दमात आत घेतल्या गेल्या. त्यांपैकी कुकटपल्ली किंवा मलकाजगिरी ही नावे कोणी विसरलेले नाही. चादरघाट मात्र आक्रसत आक्रसत एका पुलापुरते उरले. येथल्या प्रत्येक मोहल्ल्याला स्वतःचे नाव होते. काचीगुडा, बरकतपुरा, नल्लकुंटा. वरचे नाव गळून पडले तरी कोणाचे अडले नाही. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथे राहिलो. नकाशा बदलताना पत्त्यातली कोणती ओळ गळते, हे या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही जुने घर पाडून इमारत उभी केली. त्या धांदलीत आजोबांच्या कागदांचे एक पोते मी स्वतः रद्दीवाल्याला दिले. उर्दूतल्या पावत्या होत्या. मुलांना वाचता येत नव्हत्या, मला अडखळत येत होत्या. पेटीच्या तळाला चिकटून एक वाचली. घरपट्टीची पावती, साल 1341 फसली. त्यात 590 मिळविले की 1931-32 येते. म्हणजे विलीनीकरणाच्या अगदी उंबरठ्यावरची. शिक्का अर्धा पुसला आहे, पण ‘चादरघाट’ स्पष्ट लागते.

आपल्यापैकी अनेकांची जुनी घरे अजून उभी आहेत. काहींची या वर्षी पाडली जातील. माळ्यावरच्या पेट्या कृपया तत्पूर्वी उघडाव्यात. उर्दू वाचता येत नसेल तर माझ्याकडे आणावे. मला येणार नाही ते वाचून देणारे मित्र मला आहेत. ही पावती आणि तीन पोस्टकार्डे मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. शाळेच्या ग्रंथालयात त्यांना एक कप्पा द्यावा, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.