“काल असे नव्हते”

(संस्थेच्या सभासद मेळाव्यात केलेले भाषण)



सेवाकार्याचा अहवाल छापून तुमच्या हातात आलाच आहे, तो पुन्हा वाचत नाही. मी आज माझ्या एका चुकीविषयी बोलणार आहे.

गेल्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले होते. एक आजी दीड वर्षाच्या नातवाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. मुलाचे डोळे आत गेलेले, वरच्या पापण्यांवर खळगे पडलेले. सातपुड्यात इतकी वर्षे काढल्यावर असे डोळे पाहण्याची सवय होऊन जाते. मी मनात ‘कुपोषण’ अशी नोंद केली आणि, खरे सांगते, आपल्या त्रैमासिकासाठी फोटो काढायला मोबाईल वर केला. तेवढ्यात आजी पावरीत म्हणाली, “काल असे नव्हते.”

मोबाईल खाली ठेवला. विचारले तेव्हा कळले, पहाटेपासून पाण्यासारखे जुलाब चालू होते. मूल रडत होते, पण डोळ्यांत पाणी नव्हते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश खाली बसली. वाटी पुढे केली तशी त्याने दोन्ही हातांनी ओढून घेतली. जुलाब वाढतील या भीतीने घरच्यांनी पाणी कमी केले होते. हसू नका, आपल्या घरांतही हेच करतात.

डोळ्याच्या खोबणीत बुबुळाभोवती चरबीची आणि मऊ मांसाची गादी असते. अंगातले पाणी झपाट्याने गेले की ती गादी सैल पडते, डोळा आत जातो आणि पापणीवर खळगा दिसतो. कुपोषित मुलात चरबीच झिजलेली असते, म्हणून त्याचे डोळे नेहमीच खोल दिसतात. नुसते बघून फरक कळत नाही. म्हणूनच आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवतात, की आईला विचारा, हे डोळे रोजच्यासारखे आहेत का? मी ते प्रशिक्षण घेतले होते. विचारले मात्र नाही. आजीने आपणहून सांगितले.

आशाताईच्या पेटीत ओआरएस होते. एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवले. अर्धे पाकीट अंदाजाने टाकून चालत नाही. चमच्या-चमच्याने पाजले. उलटी झाली की दहा मिनिटे थांबायचे, मग आणखी हळू. वाटेत जीपमध्येही पाजत आरोग्य केंद्रात नेले. तिथे पुढचे उपचार झाले आणि 14 दिवसांच्या झिंकच्या गोळ्या मिळाल्या. मूल सुस्त पडले असते किंवा पीतच नसते, तर सलाईनशिवाय गत्यंतर नव्हते.

हे साधे मीठ-साखरेचे पाणी वाटते ना? 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत असे द्रावण भरून ठेवले. आजाऱ्यांचे नातेवाईकच ते पेल्यांनी पाजत. पाजणारा डॉक्टर नसला तरी चालते, हे तिथे दिसले. परवाची आजीही चार तास तेच करत होती.

हे मी महिला मंडळात सांगितले, तर दोन-तीन ज्येष्ठ भगिनींनी विचारले, “आमच्याही पापण्या खोल गेल्यात, त्याचे काय?” वयाने जातात, पण हळूहळू. काही महिन्यांत गेल्या, वजनही उतरले आणि खोकला किंवा ताप असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्या, साखरही बघा. काचबिंदूच्या काही थेंबांनीही पापणीवर खळगा पडतो, विशेषतः एकाच डोळ्यात घालत असाल तर. पण थेंब स्वतःहून बंद करू नका, गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि मार लागल्यावर एकच डोळा आत गेला किंवा एकाची दोन दिसू लागली, तर खोबणीचे हाड मोडलेले असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

संध्याकाळी त्या मुलाला लघवी झाली. नर्सबाईंनी आनंदाने सांगितले. आजीचे मात्र तिकडे लक्षच नव्हते. ती त्याचे तोंड दिव्याकडे वळवून पापण्या बघत होती.

येत्या पावसाळ्यात कोणाला आमच्याबरोबर पाड्यांवर यायचे असेल, तर जेवणानंतर माझ्याकडे नाव द्या. जीपमध्ये चौघांची जागा आहे. शेवटचे तीन किलोमीटर चालावे लागते, चिखल असतो, तेव्हा चपला घालून येऊ नका.