आठ घोड्या, एक ठेका



दोंडाईचा-शहादा रस्त्यावर तापीकाठचं सारंगखेडा आपल्याला नवं नाही. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ते आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं. दत्तजयंतीला तिथं एकमुखी दत्ताची यात्रा आणि मोठा घोडेबाजार भरतो. आपण बाया दर्शन घेतो, बांगड्या भरतो आणि घोड्यांना लांबून वळसा घालून निघतो. गटाच्या बैठकीत घोडेस्वारीचा विषय निघाला, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आपले काय करनं शे?" त्याचंच उत्तर आज देतो.

यात्रेत ढोल-हलगीवर एकटा घोडा नाचतो. आम्ही सांगतोय तो प्रकार वेगळा. आठ-सोळा स्वार एका ठेक्यावर, एकमेकांच्या अंगानं घोडे चालवतात. रांग करतात, जोड्या करतात, समोरासमोर येऊन एकमेकांमधून पार होतात. कॅनडाच्या पोलिसांचं ३२ स्वारांचं असं पथक आहे, त्यात बायाही असतात. घोड्याला गाणं कळतं असं समजू नका. त्याची पावलं मोजून त्यांना जुळणारं संगीत निवडतात. साध्या चालीत चार ठोके पडतात, दुडकीत दोन.

रांग वळते तेव्हा काय होतं, ते खळ्यावर मळणीची पात पाहिलेल्या बाईला लगेच कळेल. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी फिरतो, बाहेरचा भराभर चालतो, तरी पात सरळ राहते. इथंही तसंच. आतलीनं घोडी आवरायची, बाहेरचीनं पुढं काढायची, आणि दोघींनी नजर शेजारणीवर ठेवायची. जिची घोडी चांगली ती पुढं पळाली, तर रांग मोडलीच. पथकात लाथ मारणाऱ्या घोडीच्या शेपटीला लाल फीत बांधायची रीत आहे. दोष लपवायचा नाही, सगळ्यांना दिसू द्यायचा आणि अंतर राखायचं. (आमच्या काही बैठकांतही अशी फीत बांधावी लागेल!)

शरीराला फायदा होतोच. पाठ ताठ राहते, मांड्या-पोटाचे स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली गरोदरपणात पोलिओ झाला. गुडघ्याखाली पायांत ताकद उरली नाही. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. त्याच बाईनं १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक घेतलं. त्या प्रकारात बायांना उतरायची परवानगी मिळाली तीसुद्धा त्याच वर्षी.

आपल्या जवळचंही सांगतो. धुळ्याहून आग्रा रोडनं शिरपूर, सेंधवा करत गेलं की इंदूर. तिथली सुदिप्ती हजेला २०२३ च्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकणाऱ्या भारताच्या चौघांच्या संघात होती. तिच्यासोबत दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. तिथं एकेक जण घोडा घेऊन उतरतो, पण गुण संघाचे धरतात. घोडेस्वारीत भारताला सुवर्ण मिळालं ते ४१ वर्षांनी.

आता अवघड भाग. एका आईनं बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पोरीच्या अंगाला काही झालं, तर लग्नात अडचण नाही ना येणार?" हा प्रश्न मोठ्यानं बोललाच पाहिजे. पळणं, सायकल, घोडा, यांनी मुलीचं चारित्र्य ठरत नाही, आणि अंग तपासून ते कुणाला कळतही नाही. सायकलबद्दलही लोक हेच बोलायचे. आज त्याच सायकलवर पोरी शाळेत जातात. गरोदर बाईनं आणि मणक्याचा त्रास असलेलीनं मात्र बसू नये.

गटाच्या बचतीतून घोडी घ्या, असं आम्ही म्हणत नाही. दावणीची घोडी रोज खाते, व्याज तरी महिन्यानं येतं. पण लगीनसराई संपली की वरातीच्या घोड्या उभ्याच असतात. त्यांना बँडची सवय असते. मालकाशी तासाचा दर ठरवा, शिकवायला जाणता माणूस बघा आणि आधी घोडीचं तोंड पाहा. काटेरी लगामाच्या जखमा दिसल्या, चाबकाचे वळ दिसले, तर तिथून परत फिरा. मारून नाचवलेली घोडी भेदरलेली असते. भेदरलेल्या जनावरावर लेकरू बसवायचं नाही.

डोक्याला हेल्मेट हवंच. ओढणी कमरेला खोचा. चपला नकोत, टाचेचे बूट घाला, म्हणजे पाय रिकिबीत अडकून पडणार नाही.

आणि पहिला महिना घोडी लागतच नाही. शाळेच्या मैदानावर चुन्यानं रेघा मारा. आठ मुली उभ्या करा. भुलाबाईच्या टिपऱ्या त्यांना येतातच. त्याच ठेक्यावर आधी पायी रांग वळवून बघा. बाहेरच्या मुलीला धाप लागते की आतली थांबायला विसरते, ते पहिल्याच संध्याकाळी कळेल.