उकडलेला बटाटा आणि उपवासाचें ताट

श्रोतेहो, छत्रपती संभाजीनगर शहराच्या मध्यभागीं, जालना रस्त्यावर, क्रांती चौक आहे. १८५७ सालच्या उठावांतील शिपायांना जेथें देहदंड देण्यांत आला, तो काळा चबुतरा ह्याच परिसरांतला. आज शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ही ह्या चौकाची खूण आहे. आषाढी एकादशीला शहरांतील भाविक पश्चिमेस वाळूजजवळच्या पंढरपुराकडे निघतात. लोक त्याला प्रेमानें छोटें पंढरपूर म्हणतात. कोणी पायीं जातो, कोणी वाहनानें. आणि जे जात नाहींत त्यांच्याहि घरीं त्या दिवशीं उपवास असतो. सकाळीं चुलीवर पहिलें पातेलें चढतें तें बहुधा बटाट्यांचें.

ह्या पातेल्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, बटाटा म्हणजे निव्वळ साखर, तो वर्ज्यच करावा. दुसरा पक्ष म्हणतो, उपवासाला चालतो तो पदार्थ प्रकृतीला बाधणारच नाहीं. दोन्ही मतांत थोडें सत्य आणि पुष्कळ घाई आहे. बटाटा गुणी कीं अवगुणी, हें तो कसा शिजवला, किती वाढला आणि ताटांत त्याच्या शेजारीं काय ठेवलें, ह्यावर ठरतें.

प्रथम बटाट्याचें कुळ पाहूं. त्याची जन्मभूमि दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताचीं पठारें. तेथील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं हा कंद लागवडीखालीं आणला. पुढें युरोपी दर्यावर्द्यांबरोबर तो जगभर गेला. उत्तर हिंदुस्थानांत त्याला आलू म्हणतात. मराठींतील 'बटाटा' हा शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आलेला आहे. गंमत अशी कीं, उपवासाच्या ताटांतील मिरची, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओकाचा कंद, हीं सारीं मूळचीं अमेरिकेंतलीं. परदेशांतून आलेल्या ह्या पाहुण्यांना आपल्याकडील सोवळ्या स्वयंपाकघरानें निमूटपणें आंत घेतलें, कारण 'कंदमूळ' ह्या जुन्या सदरांत बटाटा सहज बसला. पुणें जिल्ह्यांतील खेड, मंचर व सातगांव पठार आणि तसाच सातारा जिल्हा हे प्रदेश आज बटाट्याच्या पिकासाठीं प्रसिद्ध आहेत.

आतां त्याच्या अंगीं काय आहे तें पाहूं. सालीसकट उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यांत सुमारें ८७ कॅलरी, २० ग्रॅम पिष्टमय पदार्थ, २ ग्रॅमच्या आंतबाहेर प्रथिनें आणि नाममात्र चरबी असते. त्याशिवाय सुमारें १३ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व आणि ३८० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मिळतें. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यांत प्रथिनें नांवाला आणि 'क' जीवनसत्त्व मुळींच नाहीं. तेव्हां उपवासाच्या पंगतींतील ह्या दोघांत बटाटाच उजवा ठरतो.

बटाट्यांतील प्रथिनें थोडीं असलीं तरी चांगल्या प्रतीचीं असतात. १९२८ सालीं कोन आणि क्लाइन ह्या संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत एक पुरुष आणि एक स्त्री १६७ दिवस अशा आहारावर राहिलीं कीं, त्यांतील प्रथिनें जवळजवळ सर्व बटाट्यांतूनच येत. आणि दोघांचीहि प्रकृति चांगली राहिली. १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याचें पीक रोगानें बुडालें, तेव्हां उपासमारीबरोबर हिरड्यांतून रक्त आणणारा स्कर्व्ही रोगहि तेथें पसरला; कारण गरिबाला 'क' जीवनसत्त्व मिळे तें बटाट्यांतूनच. अर्थात् एकाच पदार्थावर जगावें असा ह्याचा अर्थ नव्हे. आयर्लंडची कहाणी नेमका उलट धडा देते.

बटाटा पोट भरतो हा गृहिणींचा अनुभव शास्त्रानेंहि तपासला आहे. १९९५ सालीं सिडनी विद्यापीठांतील सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३८ पदार्थ सारख्याच कॅलरींच्या मापानें लोकांना खाऊं घातले आणि पुढील दोन तास भूक कितपत शमते हें मोजलें. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले असतां उकडलेल्या बटाट्याला ३२३ गुण मिळाले. त्या यादींत तोच पहिला आला. ह्याचें एक कारण उघड आहे. उकडलेल्या बटाट्याच्या वजनांत तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असतें. पोटाला भार वाटतो, परंतु कॅलरी बेताच्याच जातात.

हाच बटाटा कढईंत पडला कीं चित्र पालटतें. तळतांना त्यांतलें पाणी निघून जातें आणि त्याच्या जागीं तेल शिरतें. उकडलेल्या बटाट्याच्या १०० ग्रॅममध्यें ८७ कॅलरी, तर तळलेल्या वेफर्सच्या १०० ग्रॅममध्यें पांचशेंच्या वर. शिवाय १२० अंश सेल्सिअसच्या वर पिष्टमय पदार्थ तळला किंवा भाजला असतां त्यांत ॲक्रिलामाइड नांवाचें अपायकारक द्रव्य तयार होतें. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं ही गोष्ट उजेडांत आणली. उकळत्या पाण्याचें तापमान १०० अंशांपुढें जात नाहीं, म्हणून उकडलेला बटाटा ह्या दोषापासून मुक्त आहे. २०२५ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें दोन लाखांहून अधिक अमेरिकन आरोग्य-व्यावसायिकांच्या कित्येक दशकांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यांतून तीन वेळां तळलेल्या बटाट्याच्या फोडी खाण्याशीं मधुमेहाचा सुमारें २० टक्के अधिक धोका निगडित आढळला. उकडलेल्या, भाजलेल्या किंवा कुस्करलेल्या बटाट्याशीं तसा ठळक संबंध आढळला नाहीं. त्याच अभ्यासांत असेंहि दिसलें कीं, बटाट्याऐवजीं अख्खें धान्य खाल्लें तर धोका कमी होतो. म्हणजे उकडलेला बटाटा निर्दोष ठरला तरी ज्वारीच्या भाकरीची जागा त्यानें घेऊं नये.

ह्या प्रश्नाचें गांभीर्य एका आंकड्यावरून कळेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी तेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हां एकादशीच्या प्रत्येक मोठ्या पंगतींत मधुमेही माणूस बसलेला असणारच. शुद्ध ग्लुकोज रक्तांतील साखर ज्या वेगानें चढवतें त्याला १०० धरलें, तर उकडलेला बटाटा ७८ च्या आसपास आणि गव्हाची चपाती ५२ च्या आसपास बसते. सकाळीं साबुदाण्याची खिचडी, दुपारीं बटाट्याची भाजी व भगर, चार वाजतां वेफर्स आणि रात्रीं रताळ्याचा गोड कीस, अशा दिवसाला उपवास म्हणावें तरी कसें? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण जुन्या माणसांनीं उगीच केलेली नाहीं. ह्याच्या उलट, साखर उतरवणारें औषध घेऊन दिवसभर कांहींच न खाणें हेंहि तितकेंच घातक. घाम फुटणें, हात कापणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें हीं साखर एकाएकीं उतरल्याचीं लक्षणें होत. तीं दिसतांच उपवासाचा संकोच न धरतां साखर घातलेलें पाणी द्यावें. मधुमेही माणसानें उपवासापूर्वींच आपल्या डॉक्टरांना औषधाची मात्रा विचारून घेणें हें सर्वांत उत्तम.

आपल्याकडील पारंपरिक भाजीची कृति ह्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. बटाटे सालीसकट उकडावे, मग सोलून फोडी कराव्या; थोड्या तुपांत जिरें व हिरवी मिरची परतून त्यांत फोडी घालाव्या आणि वरून दाण्याचें कूट पसरावें. कोणाच्या घरीं कोथिंबीर चालते, कोणाच्या चालत नाहीं. सालीसकट उकडल्यानें 'क' जीवनसत्त्व आणि पोटॅशियम पाण्यांत कमी उतरतात. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम, दाण्यांतून सहा ग्रॅमच्या वर प्रथिनें मिळतात. तीं आणि त्यांतील स्निग्धांश पिष्टाचें पचन संथ करतात. सोबत वाटीभर दहीं व काकडी असली कीं ताट पुरें होतें. मात्र दाण्यांत कॅलरीहि भरपूर आहेत, म्हणून मूठ ती मूठच राहावी. एका मध्यम बटाट्याची भाजी एका माणसाच्या एका वेळेला पुरे समजावी.

उपवासाला सैंधव वापरावें म्हणजे मिठाचा दोष टळतो, अशी एक समजूत आहे. सैंधव हेंहि बहुतांशीं सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाब असलेल्या माणसाला त्याचेंहि माप सांभाळावें लागतें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसासाठीं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षां कमी मीठ सांगितलें आहे. त्याच संघटनेनें रोज किमान ४०० ग्रॅम फळें व भाज्या खाण्यास सांगितलें आहे. परंतु त्या हिशेबांत बटाटा धरलेला नाहीं. मुलाच्या डब्यांत पोळी आणि बटाट्याची भाजी दिली म्हणजे भाजी दिली, असें जी माता समजते तिनें ही गोष्ट लक्षांत घ्यावी. डब्यांत मेथी, पालक किंवा गाजर ह्यांपैकीं कांहींतरी अजून यावयाचें आहे.

आतां सावधगिरीच्या गोष्टी. उजेडांत पडून हिरवा झालेला किंवा पुष्कळ मोड आलेला बटाटा टाकून द्यावा. त्यांत सोलॅनिन नांवाचें विष वाढतें आणि तें उकडल्यानें नाहींसें होत नाहीं. बटाटे कोरड्या, अंधाऱ्या व हवेशीर जागीं ठेवावे. उकडलेले बटाटे उन्हाळ्याच्या दिवसांत तासन् तास उघडे ठेवणें धोक्याचें, विशेषतः मोठ्या पंगतीसाठीं रात्रींच उकडून ठेवण्याची रीत. शीतकपाटाची सोय असेल तर गोष्ट निराळी. तेथें थंड झालेल्या बटाट्यांतील कांहीं पिष्ट असें घट्ट बनतें कीं, तें आंतड्यांत सहज पचत नाहीं आणि साखर थोडी सावकाश चढते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियमच अपायकारक ठरूं शकतें. त्यांच्यासाठीं रीत उलटी: बटाटा सोलून, बारीक चिरून, पुष्कळ पाण्यांत उकडावा आणि तें पाणी फेकून द्यावें, आणि तोहि वैद्यकीय सल्ल्यानेंच खावा.

श्रोतेहो, उकडलेला बटाटा हा स्वस्त, पोटभरीचा आणि सात्त्विक कंद आहे. त्याला बदनाम करण्याचें कारण नाहीं आणि डोक्यावर घेण्याचेंहि नाहीं. येत्या एकादशीला कढई बाजूला ठेवून पातेलें चढवावें, एका माणसाला एकच बटाटा मोजावा, शेजारीं दाणे व दहीं ठेवावें, आणि घरांतील मधुमेही वडीलधाऱ्यांचें औषध आदल्या दिवशींच विचारून घ्यावें. एवढें केलें तर उपवास देवालाहि पोंचेल आणि देहालाहि मानवेल.