आधी वाचा, मग बोला

१९३२ साली लखनौहून 'अंगारे' हा उर्दू कथासंग्रह निघाला. सज्जाद जहीर, अहमद अली, रशीद जहाँ आणि महमूदुज्जफर हे चार तरुण लेखक. मोठा गदारोळ झाला, १९३३ मध्ये सरकारने बंदी घातली. पेशाने डॉक्टर असलेल्या रशीद जहाँना धमक्या आल्या.

मीही एकदा एका कथासंग्रहाविरुद्धचा मेसेज पुढे ढकलला होता. धाकट्या बहिणीने विचारलं, "भाईजान, कोणती कथा खटकली?" मला एकीचंही नाव सांगता येईना. ऑफिसात प्रोग्रॅम न चालवताच कुणी चूक काढली, तर मी ऐकून घेत नाही. मग पुस्तक वाचलं. दोन कथा आजही पटत नाहीत. एक मात्र आमच्याच घरातली निघाली. नापसंती जरूर सांगा, पण वाचून.