पान पिवळं दिसलं म्हणून...

(मंडळाच्या बागकामाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी कॉम्प्युटर इंजिनिअर. त्यामुळे 'व्हायरस' म्हटलं की तुम्हाला लॅपटॉप आठवेल. पण आज मी बोलणार आहे संत्र्या-लिंबाच्या झाडांतल्या व्हायरसबद्दल, आणि माझ्या एका चुकीबद्दल.

काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. काही वर्षांपूर्वी चुलतभावाने फोटो पाठवले. पानं पिवळी, शेंडे वाळलेले. मी इथे कॅलिफोर्नियात बसून रात्रभर इंटरनेट धुंडाळलं आणि बाबांना फोन केला, "ट्रिस्टेझा आहे. विषाणूवर औषध नाही, झाडं काढा." बाबा एवढंच म्हणाले, "तू म्हन्तं त काढतो." बावीस झाडं गेली.

नंतर शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या झाडांची पानं आणि मुळं तपासायला दिली. विषाणू नव्हताच! फायटोफ्थोरा बुरशीने मुळं कुजत होती. पाण्याचा निचरा केला, खोडांना बोर्डो पेस्ट लावली. ती झाडं आजही फळं देतात.

कुठे चुकलो मी? ट्रिस्टेझाने १९३० च्या दशकापासून ब्राझील-अर्जेंटिनात लाखो झाडं मारली, पण ती आंबट संत्र्याच्या खुंटावरची. आमची कलमं जंभेरीवर बांधलेली. जंभेरी हा रोग बराच सोसते. खुंट कोणता, हा पहिला प्रश्न मी विचारलाच नाही.

पानाच्या शिरांमधला भाग मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा पिवळा झाला, तर बहुधा जस्ताची कमतरता असते. दोन बाजूंचे डाग जुळत नसतील, तर ग्रीनिंगची शंका घ्यावी. (हा रोग विषाणूचा नाही, जिवाणूचा!) ट्रिस्टेझात कागदी लिंबाचं पान उजेडात धरलं की शिरा जागोजागी पारदर्शक दिसतात, साल सोलली की लाकडावर खड्डे दिसतात. पण ही सगळी फक्त शंका. खात्री प्रयोगशाळेतच. ट्रिस्टेझासाठी एलायझा किंवा आरटी-पीसीआर, ग्रीनिंगसाठी पीसीआर.

आता आपल्या इथलं. ग्रीनिंग २००५ साली फ्लोरिडात सापडला आणि २०१२ साली आपल्या कॅलिफोर्नियात, तोही एका घराच्या अंगणातल्या झाडावर. तो पसरवणारी सिट्रस सायला नावाची बारीक कीड कढीपत्त्यावरही वाढते. आणि हे रोग डोळा भरताना कलमातूनही येतात. तेव्हा मंडळी, गावाकडची काडी किंवा कढीपत्त्याचं रोप बॅगेत घालून आणू नका. मोह मलाही होतो! अंगणातल्या लिंबाबद्दल शंका आली, तर पानं तोडून मित्रांकडे नेऊ नका, काउंटीच्या कृषी कार्यालयाला फोन करा.

बाबांनी त्या बावीस झाडांबद्दल मला कधी एका शब्दाने बोललं नाही. म्हणूनच आज तुमच्यासमोर मी बोललो.