‘ऑफिशियस’ : एका शब्दाची अद्दल



सुवर्णमहोत्सवानिमित्त ‘सेवाभाव’ या विषयावर आम्ही बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आम्ही पडलो सरकारी नोकर. आमचा सेवाभाव बहुधा फायलीतच राहतो. तेव्हा ज्या इंग्रजी शब्दाने आम्हांस अद्दल घडविली, त्याविषयीच सांगतो.

तीस वर्षांपूर्वी आमची उत्तरेत बदली झाली. भाषा परकी, गाव परके. कार्यालयातील एका वयस्क कारकुनांनी न सांगताच दुधाचा रतीब लावून दिला, गॅसची जोडणी मिळवून दिली, मुलीला शाळेत प्रवेशही मिळवून दिला. वर्षअखेर त्यांचा गोपनीय अहवाल लिहिताना आम्ही कृतज्ञतेने लिहिले, ‘ऑफिशियस’. ऑफिसच्या कामाला वाहून घेतलेला, असा आमचा बी. ए.चा अर्थ!

काही महिन्यांनी ते गृहस्थ प्रतिकूल शेऱ्याचे पत्र घेऊन समोर उभे राहिले. म्हणाले, “साहेब, मी लुडबुड कोठे केली?”

त्या रात्री आम्ही कोश उघडला. मूळ लॅटिन ‘ऑफिशियम’ म्हणजे कर्तव्य, सेवा. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात या शब्दाचा पहिला अर्थ परोपकारी असाच आहे. नको तितके पुढे पुढे करणारा, हा दुसरा. १७८२ मध्ये निवर्तलेल्या रॉबर्ट लेव्हेट या गोरगरिबांच्या वैद्यावरील शोककवितेत जॉन्सनने हाच शब्द गौरवार्थ योजला. पुढे पहिला अर्थ लोपला आणि दुसराच तेवढा उरला. मुत्सद्द्यांच्या परिभाषेत मात्र तो ‘अनौपचारिक’ या निराळ्याच अर्थाने नांदतो.

इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. आपला ‘आगाऊ’ पाहा. रक्कम आगाऊ दिली तर सौजन्य. मूल आगाऊ निघाले तर कानउघाडणी. बदलून आलेल्या कुटुंबांना आपले मंडळ करते ती मदतही पुष्कळदा आगाऊच असते. आम्हांस तिचे कौतुकच आहे. परंतु दार वाजविताना आम्हांस तो कारकून आठवतो.

आम्ही वरिष्ठांपुढे चूक कबूल केली. शेरा रद्द होण्यास आठ महिने लागले. त्या गृहस्थांनी आम्हांस कधी दोष दिला नाही. पुढे आम्ही तेथे दोन वर्षे होतो. सणावारी बोलावले की ते येत, मिठाईही आणीत. न बोलावता मात्र ते आमच्या घरी पुन्हा कधी आले नाहीत.