अप-डाऊन करणाऱ्यांची पदवी

जून-जुलैत वर्तमानपत्रं प्रवेशाच्या बातम्यांनी भरून जातात. कट-ऑफ किती, जागा किती उरल्या, पहिली यादी, दुसरी यादी. त्या यादीतल्या किती मुलांनी पुढं पदवी हातात घेतली, याची बातमी क्वचितच दिसते. उच्च शिक्षणाची प्रगती सांगतानाही आपण नोंदणीचाच आकडा सांगतो. 2021-22च्या देशपातळीवरच्या पाहणीत 18 ते 23 वयोगटाच्या मानानं उच्च शिक्षणातल्या नोंदणीचं प्रमाण 28.4 टक्के निघालं. आकडा वाढतोय, आनंदच आहे. पण तो नाव घातलेल्यांचा आहे.

‘मी कॉलेज सोडतोय’ असं सहसा कुणी सांगायला येत नाही. पहिल्या सत्रात अकाउंट्स किंवा इंग्रजी राहतं. केटी लागते. मित्र म्हणतात, त्यात काय, पुढच्या वेळी काढशील! दुसऱ्या वर्षाचे विषय आणि मागचा विषय असं दुहेरी ओझं होतं. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, असा नियम अनेक विद्यापीठांत आहे, तो तेव्हा आडवा येतो. वर्ष घरी बसायचं म्हटल्यावर मुलगा एमआयडीसीत कामाला लागतो, मुलीला स्थळं पाहायला सुरुवात होते. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जाते, मग लेट फी, मग तीही मुदत जाते. मुलाला कुणी कॉलेजातून काढलेलं नसतं. तो फक्त यायचा थांबतो.

असा थांबलेला मुलगा कुणाच्या तरी लक्षात यायला हवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, 1947मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. त्यांची ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना आपण गौरवानं सांगतो, आणि सांगताना कमवण्यावर भर देतो. मला त्यातलं वसतिगृह अधिक महत्त्वाचं वाटतं. एका पंगतीत जेवणारा मुलगा दोन दिवस दिसला नाही, तर चौकशी होणारच. आजच्या तालुक्याच्या कॉलेजातली बरीच मुलं अप-डाऊन करणारी. सकाळच्या एसटीनं यायचं, दुपारच्या एसटीनं जायचं. ती आली नाहीत तर पंगतीतली कुठलीच जागा रिकामी दिसत नाही.

अशाच ये-जा करणाऱ्या मुलांसाठी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं 2007मध्ये एक उपक्रम सुरू केला. तिथली दोन वर्षांची पदवी घेणारी, बेताच्या परिस्थितीतली मुलं. त्यांना शिष्यवृत्तीतून न भागणारी उरलेली फी माफ, पुस्तकांना मदत, आणि प्रत्येकाला एक सल्लागार. त्याला नियमानं भेटायचं. यातली खुबी अशी, की मेट्रो-बसचा महिन्याचा फुकट पास या भेटीगाठींना जोडलेला होता. भेटला नाहीत तर पास नाही. पासाच्या निमित्तानं मुलगा यायचा आणि बोलता बोलता सांगायचा, की गणित जमत नाहीये किंवा कामाची पाळी बदलली आहे. म्हणजे अडचण कळायची ती निकाल लागायच्या आधी.

याची तपासणीही चोख झाली. सुमारे 900 विद्यार्थ्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला ही मदत मिळाली, दुसऱ्याला नेहमीच्याच सोयी. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या 40 टक्क्यांनी पदवी घेतली, दुसऱ्या गटातल्या 22 टक्क्यांनी. दर विद्यार्थ्यामागं खर्च बराच वाढला. पण पदवीधर एवढे वाढले, की एका पदवीमागचा खर्च उलट कमी भरला. पुढं ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांत हाच प्रयोग झाला, तिथंही फरक असाच ठळक दिसला.

न्यूयॉर्कचा पैसा आपल्याकडं नाही, हे उघड आहे. सल्लागार नेमायचं सोडा, आपल्याकडं प्राध्यापकांच्याच जागा रिकाम्या आहेत. तरी पास आपल्याकडं आहेच की! विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासात 66.67 टक्के सवलत मिळते. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत तर अहिल्याबाई होळकर योजनेत प्रवास मोफत. बारावी संपली की त्याच मुलीला, त्याच रस्त्यावर, पैसे मोजावे लागतात. 2024च्या जुलैत राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं. निर्णय मोठा आहे. पण बीए, बीकॉमच्या मुलीला फीपेक्षा रोजचं जाणं-येणंच जड जात असेल, तर तिच्यासाठी मोफत पासाची मुदत पदवीपर्यंत वाढवणं जास्त उपयोगी पडेल, असं माझं मत आहे.

कॉलेज मध्येच सुटलंच, तर नव्या शैक्षणिक धोरणानं एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची मुभा दिली आहे. मिळवलेले क्रेडिट जमा राहतात, पुन्हा परतता येतं. सोय चांगली आहे. मात्र परत ये म्हणून बोलावणारं कुणी नसेल, तर बाहेर पडायचं दारच तेवढं वापरलं जाईल.

मोफत पासाखेरीज दुसरी एक गोष्ट करता येईल, आणि ती बिनपैशाची आहे. पासाच्या अर्जावर कॉलेजचा शिक्का लागतो. गेल्या महिन्यापर्यंत पास काढणाऱ्या कोणत्या मुलांनी या महिन्यात काढला नाही, परीक्षेचा फॉर्म कुणाचा आलेला नाही, हे ऑफिसातल्या क्लार्कना ठाऊक असतं किंवा अर्ध्या तासात काढता येतं. ती यादी दर महिन्याला वर्गशिक्षकांकडं जावी आणि त्यांनी त्या घरी फोन करावा. फक्त त्या फोनवरचं पहिलं वाक्य ‘फी कधी भरताय?’ हे नसावं.